चकोर आणि कोकणी लावा

१८३१ साली मुंबईत जेम्स मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, १८३२ साली, लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या वृत्तांतात दख्खनच्या पक्ष्यांची एक यादी छापून आली. तिचा कर्ता विल्यम हेन्री साइक्स. दोघेही कंपनी सरकारच्या लष्करातले. एकाने मराठी मुलखातले शब्द गोळा केले, दुसऱ्याने त्याच मुलखातले पक्षी. मोल्सवर्थच्या हाताशी शास्त्रीमंडळी होती. साइक्सच्या हाताशी कोण होतं, ते त्याच्या यादीत नावानिशी सापडत नाही.

या दोन पुस्तकांमध्ये जी जागा रिकामी राहिली, तिथे एक छोटा पक्षी बसलेला आहे. त्याची गोष्ट सांगायची, तर आधी तो नीट पाहायला हवा.

सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस सरल्यावर, जंगलाच्या कडेच्या पायवाटेवर सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर तो दिसतो. एकटा क्वचितच. सहा-आठ जणांचा थवा वाटेवर उतरून दाणे टिपत असतो, धुळीत अंग घुसळत असतो. मूठभर पक्षी, लांबी सुमारे १८ सेंटिमीटर. चोच आणि पाय लालभडक. नराच्या डोक्यावर काळ्या-पांढऱ्याची ठसठशीत नक्षी, गळा पांढरा, कुशीवर विटकरी रंगात काळे-पांढरे ठिपके. मादीचा चेहरा तांबूस, मातीला जवळचा. पावलांची चाहूल लागली की आधी सगळे एकामागे एक रांगेने पळतात. फारच जवळ गेलात, तर पायाखालून फटाका फुटावा तसे भर्रकन उडतात आणि दहा दिशांना पांगतात. मग पाच-दहा मिनिटं शांतता. त्यानंतर झुडपांतून बारीक शिट्या सुरू होतात. हळू आवाजात सुरू होऊन चढत जाणारी आणि पुन्हा उतरणारी ती शीळ ऐकत पांगलेला थवा एकेक करून परत जमतो.

इंग्रजीत याला पेंटेड बुश क्वेल म्हणतात, शास्त्रीय नाव पर्डिक्युला एरिथ्रोरिंका. हा फक्त भारतातला पक्षी, त्यातही द्वीपकल्पाच्या डोंगरांतला. पश्चिम घाट, पूर्व घाट, मध्य भारतातले काही डोंगर, एवढंच त्याचं जग. नावाचा दुसरा अर्धा भाग ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ ‘लाल चोचीचा’. हा भाग साइक्सने १८३२ च्या यादीत दिला. पहिला अर्धा भाग १८३७ साली ब्रायन हॉजसनने दिला. लॅटिनमध्ये पर्डिक्स म्हणजे पार्ट्रिज, आपला तितर. पर्डिक्युला म्हणजे इवलासा तितर. इंग्रजी नाव त्याला लावा म्हणतं, लॅटिन नाव तितर म्हणतं. एकाच पक्ष्याच्या दोन नावांत असं दुमत असलं की अनुवादकाचे कान टवकारतात.

साइक्स कोण होता? जन्म १७९०, मृत्यू १८७२. पेशवाईच्या अखेरच्या युद्धात, खडकी आणि पुण्याच्या लढायांत, तो कंपनीच्या बाजूने लढला. १८१८ मध्ये पेशवाई संपली. जिंकलेला मुलूख चालवायचा, तर तो मोजायला हवा. १८२४ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने साइक्सला मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी नेमलं. जमीन, पिकं, माणसं, वजनं-मापं, हवा, पाऊस यांची मोजदाद हे त्याचं काम. त्या फिरतीत त्याने प्राणी, पक्षी, मासेही मोजले. १८३१ साली तो विलायतेला परतला आणि लगोलग याद्या छापायला लागला. पन्नासहून अधिक पक्षी त्याने विज्ञानाला नव्याने सांगितले. तळ्याकाठी ध्यान लावून बसलेला आपला नेहमीचा वंचक बगळाही त्यांतलाच. नंतर तो ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष झाला, पार्लमेंटात निवडून गेला. त्याच्या कारकिर्दीत लाल चोचीचा लावा ही फारच बारीक नोंद आहे. पण त्या पक्ष्याच्या लेखी इतिहासात ती पहिली ओळ आहे. लोहमार्ग नव्हता, खंडाळ्याचा घाट नुकता गाडीरस्त्याच्या वाटेवर होता, त्या काळात पुण्याच्या पश्चिमेच्या डोंगरांतला हा पक्षी लंडनला पोचला.

साइक्स स्थानिक शब्दांकडे कान देत असे. सस्तन प्राण्यांच्या यादीत त्याने रानकुत्र्याला दख्खनचं नाव दिलं आणि मराठे त्याला ‘कोळसून’ म्हणतात, हेही नोंदवलं. म्हणजे कोळसुनीला लॅटिनशेजारी मराठी जागा मिळाली. लाल चोचीच्या लाव्याच्या वाट्याला मात्र शास्त्रीय नाव म्हणून ग्रीक वर्णन आलं.

आता तितराकडे वळू. तितर म्हटलं की आपल्याला माळरान, ज्वारीचं शेत, बाभळी आठवतात. पण या कुळातले अनेक पक्षी डोंगरातल्या घनदाट, ओल्या जंगलाचे रहिवासी आहेत. हिमालयापासून जावा-सुमात्रापर्यंत अर्बोरोफिला नावाची एक मोठी प्रजाती पसरलेली आहे. इंग्रजीत त्यांना हिल पार्ट्रिज, म्हणजे डोंगरी तितर म्हणतात. पानांच्या खचात पाय उकरत फिरणारे, दिसण्यापेक्षा जास्त ऐकू येणारे पक्षी. भारतात ते हिमालयात आणि ईशान्येत आहेत. सह्याद्रीत त्यांतला एकही नाही. सह्याद्रीच्या ओल्या जंगलात जमीन उकरण्याचं ते काम दुसरेच करतात: रानकोंबडा, हा रंगीत लावा, आणि कोकत्री.

कोकत्रीची कागदपत्रं तर त्याहून गमतीची आहेत. कोंबडीपेक्षा लहान, तांबूस, डोळ्याभोवती लाल कातडी, नराच्या पायांवर एकाहून अधिक आऱ्या. महाबळेश्वर, कोयना, आंबोलीकडच्या जंगलांत तिचा कर्कश कुकुकार ऐकू येतो, पक्षी सहसा दिसत नाही. तिचं शास्त्रीय वर्णन १७८९ साली जर्मनीत बसून योहान ग्मेलिनने केलं. त्याने आधार घेतला पिएर सोनेरा या फ्रेंच प्रवाशाच्या १७८२ च्या प्रवासवर्णनाचा. सोनेराने या पक्ष्याला नाव दिलं होतं ‘मादागास्करचा तांबडा तितर’. आपल्या रानातली कोकत्री युरोपच्या कागदांत पहिल्यांदा उतरली, ती हिंदी महासागराच्या पलीकडची रहिवासी म्हणून. सोनेराकडून गावांची अदलाबदल वारंवार होत असे. ऑस्ट्रेलियातला हसरा कूकाबरा त्याने न्यू गिनीचा म्हणून सांगितला, आणि आजही त्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात न्यू गिनी आहे. दक्षिणेच्या थंड समुद्रातला एक पेंग्विनही त्याच्यामुळेच नावात पापुआ घेऊन फिरतो. आपल्या राखी रानकोंबड्याच्या नावात तर स्वतः सोनेराच आहे. शास्त्रीय नावाचा नियम असा, की पहिलं दिलेलं नाव टिकतं, चुकीचं गाव त्यात असलं तरीही. पुढे एडवर्ड ब्लाइथने कोकत्रीसाठी गॅलोपर्डिक्स अशी प्रजाती केली. कोंबडा अधिक तितर. धड हा नाही, धड तो नाही, हे कबूल करणारं प्रामाणिक नाव.

युरोपच्या दप्तरात इथल्या पक्ष्यांची ही गत होती. मग आपल्या दप्तरात काय होतं?

आपल्या दप्तरात चकोर होता. चांदणं पिऊन जगणारा. संस्कृत काव्यात तो हजारो वेळा येतो. मराठीत ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात तो भेटतो. शरदाच्या चांदण्याचे कोवळे कण चकोराची पिल्लं जशी हळुवार मनाने वेचतात, तशी श्रोत्यांनी ही कथा अनुभवावी, असं ज्ञानदेव सांगतात. १२९० साली, नेवाशात. ऐकणं कसं असावं, हे सांगायला मराठीने निवडलेला हा पहिला पक्षी. तेव्हापासून चकोर-चंद्र ही जोडी अभंगांत, आख्यानांत, लावण्यांत, भावगीतांत इतकी रुळली, की चकोर म्हटल्यावर पक्षी आठवतच नाही, आस आठवते.

पण खरा चकोर हाडामांसाचा आहे. करड्या अंगाचा, लाल चोचीचा, गळ्याभोवती काळी पट्टी असलेला, खडकाळ उतारावर धावणारा डोंगरी तितर. तो राहतो पश्चिम आशियापासून हिमालयापर्यंत. पाकिस्तानचा तो राष्ट्रीय पक्षी आहे. १८३० साली जॉन एडवर्ड ग्रे या इंग्रजाने त्याला शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा आपलाच शब्द उचलला: अलेक्टोरिस चुकर. नेवाशात तो नाही, पंढरपुरात नाही, पुण्यात नाही. गोदावरीच्या काठी चकोराची पिल्लं कोणी पाहिली असतील, तर ती पोथीतच. ज्ञानदेवांच्या उपमेला याने कणभरही उणेपणा येत नाही. उपमेतला पक्षी अंगणात असावाच लागतो असं नाही. प्रश्न वेगळा आहे: जो पक्षी अंगणात होता, त्याचं काय झालं?

तोही आपल्या दप्तरात आहे, फक्त दुसऱ्या खात्यात. चरकसंहितेत पक्ष्यांची वर्गवारी त्यांच्या खाण्याच्या रीतीवरून केली आहे. जमीन उकरून, विखरून खाणारे ते ‘विष्किर’. या विष्किरांच्या पहिल्या गटाचं नाव लाव्यावरूनच पडलेलं, आणि त्याच यादीत कपिंजल आहे, चकोरही आहे. चांदणं पिणारा चकोर वैद्याच्या लेखी माती उकरणाराच होता. दुसऱ्या एका जागी, प्रत्येक प्रकारातलं सर्वांत हितकर मांस कोणतं ते सांगताना, पक्ष्यांमध्ये चरक लाव्याला पहिला क्रमांक देतो. हलकं, पचायला सोपं, आजाऱ्याला मानवणारं.

इथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. साइक्सने १८३२ साली आपले लावे आणि तितर ज्या गणात घातले, त्याचं नाव रासोरेस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उकरणारे, खरवडणारे. चरकाचा विष्किर आणि साइक्सचा रासोर, दोघांमध्ये दीड हजाराहून अधिक वर्षं आणि दोन समुद्र. कोणी कोणाचं वाचलेलं नाही. दोघांनी फक्त पक्ष्याच्या पायांकडे पाहिलं होतं. पुढे विज्ञानाने रासोरेस हे नाव टाकून दिलं. पण आजच्या जनुकीय अभ्यासांनी मांडलेल्या वंशवेलीत चकोर आणि पर्डिक्युला एकाच शाखेवर, चुलत भावंडं म्हणून बसलेले दिसतात. वैद्याने त्यांना एका ओळीत मांडलं ते वेगळ्या कारणासाठी. तरी ती ओळ वाचताना आज बरं वाटतं.

राजवाड्यातही दोघांना कामं होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विष ओळखण्यासाठी पाळायच्या पक्ष्यांत चकोर आहे. विष जवळ आलं की त्याच्या डोळ्यांचा रंग बदलतो, असा समज. आणि लावा होता आखाड्यात. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकीची मोठी जंत्री आहे. कोंबड्यांच्या, मेंढ्यांच्या, रेड्यांच्या झुंजींबरोबर तिच्यात लाव्यांची झुंजही आहे, तिला स्वतंत्र प्रकरण आहे. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. जुन्या मराठीचे नमुने शोधणाऱ्यांना हा ग्रंथ परिचयाचा आहे, कारण त्यात मराठी गीतांच्या ओळी आलेल्या आहेत. कन्नड राजाचा संस्कृत ग्रंथ, त्यात मराठी ओळी आणि लाव्यांची झुंज, असा हा दख्खनी संसार.

म्हणजे लावा पाकशाळेत पोचला, औषधात पोचला, आखाड्यात पोचला. कवितेच्या दारात मात्र चकोर उभा होता, आणि तिथे एकाच तितराला जागा होती.

लिखित परंपरेने टाळलेला पक्षी बोलण्यात जिवंत राहतो. पण बोलणं कोणीतरी लिहून घेतलं तरच आपल्यापर्यंत येतं. इथे एक विचित्र गोष्ट घडली. ते लिहून घेण्याचं काम मुख्यतः शिकाऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी केलं, तेही रोमन लिपीत. टी. सी. जर्डनचं ‘बर्ड्स ऑफ इंडिया’ १८६२ ते १८६४ मध्ये आलं. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आणि मार्शल यांचा शिकारपक्ष्यांवरचा तीन खंडांचा ग्रंथ १८७९ ते १८८१ मध्ये कलकत्त्याहून निघाला. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे पुढाकार घेणारा तोच हा ह्यूम. त्या काळच्या या पुस्तकांत शास्त्रीय नावाखाली बारीक अक्षरांत देशी नावं देण्याची पद्धत होती, आणि प्रत्येक नावापुढे भाषेचं संक्षिप्त रूप. लाल चोचीच्या लाव्याखाली मराठी म्हणून नाव येतं ‘कोकणी लावा’. त्याशेजारी तमिळ ‘काडै’. तांबड्या रानकोंबडीवजा पक्ष्याखाली मराठी म्हणून येतं ‘कोकत्री’.

‘कोकणी लावा’ हे नाव जरा थांबून पाहा. हे नाव कोकणातल्या माणसाने दिलेलं नसणार. कोकणातला माणूस आपल्या लाव्याला कोकणी कशाला म्हणेल? हे देशावरून पश्चिमेकडे पाहणाऱ्याचं नाव आहे. पुण्याकडच्या माळावर, काट्याकुट्यात, साधे लावे असतात. घाटाच्या बाजूला, जिथे पाऊस आणि झाडी वाढते, तिथे हा वेगळा दिसतो, वेगळी शीळ घालतो. म्हणून तो कोकणाकडचा, कोकणी. या दोन शब्दांत पक्ष्याचा अधिवास आहे, पावसाची रेषा आहे आणि बोलणारा कुठे उभा आहे तेही आहे. इंग्रजी ‘पेंटेड’ फक्त रंग सांगतं. ग्रीक नाव फक्त चोच सांगतं. मराठी नाव पत्ता सांगतं.

हा पत्ता सांगणारा माणूस कोण? पुस्तकात भाषेचं नाव आहे, त्याचं नाही. लावे आणि तितर पकडणं हा ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा होता, ते महाराष्ट्रात मुख्यतः पारधी. त्यांच्यातल्या एका शाखेचं नावच फासेपारधी. बारीक फासे जमिनीवर ओळीने रोवायचे, थव्याला हळूहळू तिकडे हाकायचं, तोंडाने हुबेहूब शीळ घालायची, किंवा पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या हाकेवर रानातला बोलवायचा. पांगलेला थवा शिळेवर परत जमतो, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती शीळ घालण्याचा उपयोग कळतो. पक्षीशास्त्रात जे निरीक्षण म्हणून नोंदलं जातं, ते इथे पोटाचं कौशल्य होतं.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या सुधारित कायद्याने त्याची पकड मुंबई इलाख्यावरही बसली. पारध्यांवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का आला. हजेरी, पास, वसाहतीचं कुंपण. ज्यांचं ज्ञान भटकण्यात होतं, त्यांचं भटकणं हाच गुन्हा ठरला. साहेबाच्या ग्रंथात पक्ष्याचं मराठी नाव मानाने छापलं जात होतं, आणि त्याच नावाने पक्ष्याला बोलावू शकणाऱ्या माणसाला चावडीवर हजेरी द्यावी लागत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ही जमात कागदोपत्री विमुक्त झाली. शिक्का समाजाच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि लावे-तितर पकडणं बेकायदा होत गेलं. पक्ष्यांसाठी ते गरजेचं होतं, यात वाद नाही. पण त्या धंद्याबरोबर त्यातला शब्दसंग्रहही गेला. पक्ष्यांना अभयारण्य मिळालं. शब्दांना ते मिळालं नाही.

मराठीत मारुती चितमपल्लींनी हे ओळखलं होतं. वनखात्यातल्या नोकरीत ते विदर्भाच्या जंगलांत वर्षानुवर्षं राहिले, आदिवासींच्या आणि पारध्यांच्या बोलींतून पक्ष्यांची, झाडांची नावं वेचत राहिले, आणि त्यांतून ‘पक्षीकोश’ उभा राहिला. शास्त्र्यांच्या मदतीने झालेला मोल्सवर्थचा कोश आणि साइक्सची यादी यांच्यामध्ये जी जागा रिकामी होती, ती भरण्याचा मराठीतला हा सर्वांत मोठा प्रयत्न. २०२५ च्या जून महिन्यात ते गेले.

असंच काहीसं हिंदी महासागराच्या पलीकडे, सोनेराच्या मादागास्करहूनही पलीकडे, आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे घडलं आहे. १९९१ साली टांझानियातल्या उडझुंग्वा पर्वतातल्या जंगलात डॅनिश संशोधकांचा तळ होता. तिथे स्वयंपाकाच्या भांड्याच्या तळाशी त्यांना एका पक्ष्याचे पाय दिसले. ते पाय त्यांच्या ओळखीच्या कुठल्याच पक्ष्याचे नव्हते. शोध घेतला, पक्षी सापडला आणि १९९४ साली त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. विषुववृत्ताजवळच्या डोंगरी जंगलात राहणारा तितर, आफ्रिकेतल्या बाकी तितरांशी फारसं नातं नसलेला. त्याचे जवळचे नातेवाईक आशियातले ते अर्बोरोफिला, हिमालय आणि जावाच्या जंगलांतले. मधल्या अफाट टापूत कुठेही न उरलेल्या एका जुन्या कुळाची ही आफ्रिकेतली शेवटची खूण. त्याची प्रजाती ठरवताना नाव दिलं झेनोपर्डिक्स, म्हणजे परका तितर.

परका कोणाला? ज्यांच्या भांड्यात तो शिजत होता, त्यांना तो परका नव्हता. त्या रात्री तो कालवण होता. विज्ञानाच्या दृष्टीने त्याचा शोध १९९१ साली लागला, आणि त्या दृष्टीने ते खरंच आहे. शास्त्रीय वर्णन ही साधी गोष्ट नाही. त्यामुळेच पक्ष्याचं नातंगोतं कळतं, त्याचं जंगल वाचवण्यासाठी कोणाकडे बोट दाखवता येतं. पण ‘परका’ हा शब्द पक्ष्याबद्दल कमी आणि नाव देणारा कुठून आला याबद्दल जास्त सांगतो. ‘कोकणी लावा’ या नावात बोलणारा जसा दिसतो, तसाच इथेही दिसतो. फरक एवढाच, की एक घाटाच्या माथ्यावर उभा आहे आणि दुसरा विमानातून उतरला आहे.

मी बेंगळुरूत राहून कन्नड आणि इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. पक्ष्यांची नावं हा आमच्या कामातला काटेरी भाग. कन्नडमध्ये ‘गौजलु’ येतो, तेलुगूत ‘कौजु’, तमिळमध्ये ‘कौदारि’. तिघे एकाच घरातले, ऐकताच कळतं. तिघांनाही इंग्रजीत पार्ट्रिज म्हणतात आणि मराठीत तितर म्हणून सोडून देता येतं. कन्नडमध्ये ‘लावक्की’ येते, ती तर सरळ लावाच, पुढे हक्की म्हणजे पक्षी जोडलेला. कोशात सगळं जुळतं. अडचण येते ती इंग्रजीतून. इंग्रजी मजकुरात ‘पेंटेड बुश क्वेल’ आला, की हात आपोआप ‘रंगीत लावा’ किंवा ‘चित्रित लावा’ लिहून मोकळा होतो. शब्दाला शब्द. चूक काहीच नाही. फक्त पुण्याच्या डोंगरातला पक्षी लंडनला जाऊन, ग्रीक आणि इंग्रजी होऊन, अनुवादाच्या दारातून मराठीत परत येतो, आणि त्याला आधीपासून मराठी नाव होतं हे कोणाला विचारावंसंही वाटत नाही. घरच्याच माणसाला पाहुणा म्हणून बसायला पाट द्यावा, तसं.

अशा वेळी अनुवादकाने काय करावं? माझं उत्तर साधं आहे. जिथे बोलीतलं नाव हाती लागतं, तिथे तेच वापरावं, मग ते एखाद्या साहेबाच्या पुस्तकात बारीक अक्षरांत पडलेलं का असेना. ‘कोकणी लावा’ लिहिलं, की वाचणाऱ्याला क्षणभर अडखळायला होईल. अडखळू द्यावं. त्या अडखळण्यात घाट आहे, पाऊस आहे, देशावरून पश्चिमेकडे पाहणारी नजर आहे. ‘रंगीत’ म्हटल्याने वाचन सुरळीत होतं, पण घाट पुसला जातो. कोकत्रीचंही तेच. तिला आता चकोत्री असंही म्हणतात. कोकत्री आणि चकोत्री: अक्षरं जवळपास तीच, जागा बदललेल्या. व्युत्पत्ती काहीही असो, दुसऱ्या रूपात कानाला चकोर ऐकू येतो. जणू पोथीतल्या पक्ष्याने सह्याद्रीच्या रानात शेवटी एक नातेवाईक शोधला.

चकोराला मराठीने सातशे वर्षांहून अधिक काळ सांभाळलं, न पाहता. ही भाषेची ताकद आहे, तिची थट्टा करण्यात अर्थ नाही. ज्या भाषेला न पाहिलेला पक्षी इतका जपता येतो, तिला पाहिलेला जपणं अवघड नसावं. त्यासाठी नवी उपमा शोधायची गरज नाही. आधी नाव टिकायला हवं.

पावसाळा सरला, की महाबळेश्वर-भीमाशंकरच्या वाटांवर गवत कापरं होतं आणि कडेला लाल धूळ उघडी पडते. सकाळी त्या धुळीत बोटभर लांब तीन-तीन रेघांचे ठसे एका ओळीत गेलेले दिसतात. ती कोकणी लाव्यांची रांग. ठशांच्या मागे गेलं तर थवा उडेल आणि पांगेल. तिथेच थांबलं, आवाज न करता, तर काही वेळाने झुडपातून पहिली शीळ येते. मग दुसरी.